घरी कोणी नाही असं सांगा

संपादकांनी पत्र पाठवून चळवळीच्या आठवणी मागितल्या. नवं राज्य आलंय, यंदाची पहिली दिवाळी, लोकांना अभिमानानं वाचायला आवडेल असं काही लिहा, असं त्यांचं म्हणणं. लाठीमार, तुरुंग, मोर्चे यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे माझ्यापेक्षा मोठ्या जखमा आहेत. मी चार वर्षं पत्रकं लिहिली आणि चाळींच्या फळ्यांवर लिहिलं. वय सत्तावीस. या वयात निवृत्तीच्या आठवणी लिहायला बसणं हास्यास्पद आहे, हे कळतं. पण मी खरोखर निवृत्त झालोय, आणि का झालो हे एकदा स्वच्छ लिहून टाकायचं आहे. अभिमान ज्यांना हवा त्यांनी पुढचं पान उलटावं.

आधी धंदा समजावून सांगतो.

पत्रक म्हणजे हातभर कागद. गिरगावातल्या एका बोळात आमचा छापखाना होता. तिथे उभ्यानं मजकूर लिहायचा आणि शाई ओली असतानाच तो खिळे जुळवणाऱ्याच्या हातात द्यायचा. सुरुवातीला मी लांबलचक लिहायचो. आर्थिक पाहणी, भाषावार प्रांतरचनेचा इतिहास, असलं काहीबाही. खिळे जुळवणारा म्हातारा एकदा म्हणाला, "साहेब, हे वाचायला माणूस बसलेला पाहिजे. आपला माणूस चालत असतो." त्या एका वाक्यात मी धंदा शिकलो. पहिली ओळ अशी हवी की ती ओरडता आली पाहिजे. दुसऱ्या ओळीत कोणाचा तरी राग आला पाहिजे. तिसऱ्या ओळीत काय करायचं ते सांगायचं. चौथी ओळ कोणी वाचत नाही.

फळा त्याहून कठीण. लालबाग, परळ, चिंचपोकळीच्या चाळींच्या तोंडाशी एकेक काळा फळा असे. एरवी त्यावर भजनाची वेळ, गणपतीची वर्गणी, कोणाच्या तरी बारशाचं आमंत्रण असलं काही लिहिलेलं असायचं. चळवळीत आम्ही ते ताब्यात घेतले. वर्तमानपत्रांवर लोकांचा विश्वास राहिला नव्हता, रेडिओवर तर नव्हताच. रेडिओ म्हणाला शहरात शांतता आहे, की लोक खिडक्या लावून घेत. पण चाळीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं खरं, कारण लिहिणारा रोज दिसतो, त्याला हाक मारून विचारता येतं. गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत मी लिहून मोकळा व्हायचो. माणूस डबा काखेत मारून जाता जाता जेवढं वाचेल तेवढंच त्याचं. फार तर दहा-बारा शब्द.

मत कसं बनतं, याबद्दल माझी तेव्हा पक्की समजूत होती: मत मी बनवतो. चिंचपोकळीच्या पुलाखालचा एक न्हावी माझ्या या समजुतीला रोज सुरुंग लावायचा. तो गिऱ्हाईक पाहून बोले. कामगार असला की सरकारला शिव्या, दुकानदार असला की आम्हाला. मी एकदा चिडून विचारलं, "तुझं स्वतःचं मत काय रे?" वस्तरा पट्ट्यावर घासत तो म्हणाला, "मानेवर वस्तरा असताना समोरचा जे बोलत नाही ना, ते त्याचं मत. मी ते ऐकतो. तुम्ही बोलता फार, साहेब." गिरगावात एक निवृत्त हेडमास्तर होते. आमचं प्रत्येक पत्रक लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून, खाली दहापैकी गुण देऊन, घरी परत पाठवायचे. मला कधी पाचाच्या वर मिळाले नाहीत. मत मात्र आम्हालाच देणार होते. विचारलं तर म्हणाले, "मजकूर भिकार होता तुझा. पण गोळीबारानंतर आमच्या जिन्यावर कोण चढून आलं? तू आलास. सरकारवाले कोणीच आले नाहीत."

तेव्हाच डोकं चालवायला हवं होतं. लोक कागद वाचून ठरवत नाहीत. दारात कोण आलं, कोणत्या वेळी आलं आणि आल्यावर खरं बोललं का, यावर ठरवतात. पण मला वाटलं, मास्तर गंमत करताहेत.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

लालबागमध्ये आमची एक हुकमी चाळ होती. तीन मजली, गिरणी कामगारांची, बहुतेक कोकणातली माणसं. तिथल्या अकरा नंबरच्या खोलीत एक मावशी राहायच्या. गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर होत्या. नवरा वारून दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चाळीतल्या बायकांच्या त्या पुढारी. मोर्चाला पंधरा बायका हव्यात म्हटलं की तीस आणायच्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते का, हे शेवटी कळेल. मी त्यांना मावशी म्हणायचो आणि त्या मला कागदवाल्या.

"काय रे कागदवाल्या, आज कोणाची आय-माय काढलंस फळ्यावर?" ही त्यांची सकाळची हाक.

मावशींना एकच गोष्ट हवी होती: मत द्यायचं होतं. हसू नका. देशातल्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून केंद्रावर गेल्या होत्या. यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या खोलीपुढे 'अमक्याची बायको' एवढंच लिहिलेलं, आणि नाव नसलेल्या असल्या नोंदी पुढे गाळून टाकलेल्या. त्या काळी अशा कितीतरी बायका गळल्या. परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायची पद्धतच नव्हती. पण मावशींनी नाव सांगायचं टाळलं होतं असंही नाही. त्या कामावर होत्या आणि शेजारच्या बाप्यानं परस्पर सांगून टाकलं होतं.

"तो अमको मरान इतकी वर्सां झाली," मावशी म्हणायच्या, "आणि मी अजून त्याचीच बायको म्हणान जगतंय. ह्या खेपेक मी घरात रवान सांगतलंय. माझां नाव, बापाशीचां नाव, गाव, सगळां. लिवून घे म्हणतलंय."

हे त्या मला निदान दहा वेळा बोलल्या असतील. मी हसून मान डोलवायचो.

मग गोळीबार झाले. त्याचं वर्णन करत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कळणार नाही. पुढे कित्येक महिने धरपकड चालू होती. लालबागच्या एका चहाच्या दुकानात एक साधा दिसणारा इसम दोन दिवस येऊन बसला, पोरांशी गप्पा मारल्या, कोण कुठल्या चाळीत राहतो ते विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी तीन पोरं उचलली गेली. ही गोष्ट खरी. त्यातला एक माझा दोस्त होता. म्हणून पुढे मी जे केलं ते हवेतून केलं नाही. एवढाच माझा बचाव. तो अपुरा आहे, हे मलाही ठाऊक आहे.

त्यानंतर काही दिवसांनी मला निरोप आला: एक माणूस वही घेऊन चाळींतून फिरतोय आणि घरातल्या सगळ्यांची नावं, वयं लिहून घेतोय.

मी चौकशी केली नाही. पत्रकवाल्याला चौकशीची सवय नसते, त्याला पहिली ओळ सुचलेली असते. सकाळी मी फळ्यावर लिहिलं:

'नावं विचारणाऱ्याला नावं सांगू नका. विचारणारा कोण, हे आधी विचारा. उत्तर एकच: घरी कोणी नाही!'

चांगली जमली होती. इतकी की दुपारपर्यंत लालबाग ते चिंचपोकळी सगळ्या फळ्यांवर ती उतरली. मुलं ती ओरडत पळत होती.

वहीवाला आमच्या चाळीत आला तेव्हा मी हजर होतो. म्युनिसिपल शाळेतले मास्तर होते, पन्नाशीचे. एका हातात छत्री, काखेत लांबट वही, पायात झिजलेल्या वहाणा. पहिल्या मजल्यावर त्यांनी दार वाजवलं. आतून आवाज आला, "घरी कोणी नाही." पुढचं दार, तेच. तिसऱ्या खोलीच्या दारात एक बाप्या उघडाबंब बसून दाढी करत होता. तोही म्हणाला, "घरी कोणी नाही."

"मग तुम्ही कोण?" मास्तरांनी विचारलं.

"मी दाढी करतोय."

सगळी गॅलरी खदखदून हसली. मीही हसलो. मास्तर घाम पुसत माझ्याकडे वळले. "अहो, मी मतदारयादीच्या कामावर आलोय. पोलीस असतो तर पायात बूट नसते का?"

"पोलिसांकडे वहाणा नसतात असं कोणी सांगितलं?" मी म्हणालो. पुन्हा हशा.

तेवढ्यात अकरा नंबरचं दार उघडलं आणि मावशी बाहेर आल्या. रात्रपाळीच्या माणसांचा डबा भरत होत्या, हात पिठाचे होते. "मतदारयादी?" त्या म्हणाल्या. "मास्तर, हय येवा. माझां नाव लिवा."

मी पुढे झालो. आजही ते पाऊल मला स्पष्ट दिसतं. दोन पायऱ्या चढून मी त्यांच्या आणि मास्तरांच्या मधे उभा राहिलो.

"मावशी, नाव द्यायचं नाही. फळा वाचलात ना?"

"अरे, ह्यो मतांचा मास्तर. मी वाटच बघतंय ह्याची."

"तो सांगतो म्हणून? आज यादी मतांची, उद्या तीच कोणाच्या हातात जाईल? ती तीन पोरं कशी गेली, विसरलात? तुम्ही नाव दिलंत की तुमच्या मागे सगळी चाळ देईल."

ते शेवटचं वाक्य खरं होतं, आणि म्हणूनच मी ते वापरलं. मावशी थांबल्या. पिठाचे हात पदराला पुसले. मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू सांगतंस म्हणान," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. आतून आवाज आला, "घरी कोणी नाही."

गॅलरीत टाळ्या पडल्या. मास्तरांनी वही मिटली, छत्री उचलली आणि जिना उतरून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पश्चात्ताप होईल तुम्हाला." मी त्यावर एक ओळ करून दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिली, ती इथे देण्याच्या लायकीची नाही.

माझा एक जोडीदार होता, काशिनाथ. नायगावच्या चाळीत राहायचा. त्याच वर्षी त्यांची सगळी चाळ बौद्ध झाली होती. भाषण माझ्यापेक्षा चांगलं करायचा आणि पत्रकं माझ्यापेक्षा कमी वाटायचा. त्याला मी बढाई मारली, "आमच्या चाळीत मास्तरला एक नाव मिळालं नाही. तुमच्याकडे काय झालं?"

"आमच्याकडे बायका रांग लावून उभ्या होत्या. मास्तरची पेन्सिल झिजली."

"फळा वाचला नाहीस?"

"वाचला. मीच पुसला."

मी भडकलो. तो शांतपणे विडी पेटवत होता. "हे बघ," तो म्हणाला, "सरकारवर माझा विश्वास तुझ्यापेक्षा कमी आहे. तुझा एका गोळीबारात उडाला, आमचा कधी बसलाच नव्हता. म्हणूनच मला कागद पाहिजे. आमच्या आजोबांची नावं दुसऱ्यांनी ठेवलेली, तीही हिणवायला. आमची आम्ही ठेवली. ती लिहून घ्यायला माणूस दारात येतोय आणि तू म्हणतोस, सांगू नका? तुला चालतं रे. तुझं नाव कुठे ना कुठे लिहिलेलं असतंच."

मी त्याला भित्रा म्हणालो. 

चूक सुधारायची दुसरी संधी घरी मिळाली. आमचं घर गिरगावातलं, तीन पिढ्या कारकुनी करणारं. वडील, नाना, सरकारी कचेरीत होते आणि या कारणावरून मी त्यांच्याशी वर्षभर धड बोलत नव्हतो. एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "कच्च्या याद्या लागल्यात. सुटलेली नावं घालायला मुदत आहे. एक छापील अर्ज असतो, माणशी एक. तुझ्या लालबागच्या लोकांचे भरून दे."

"आमची माणसं सरकारच्या दारात अर्ज घेऊन उभी राहणार नाहीत."

"मग मतं कुठे टाकणार आहेत? तुझ्या फळ्यावर?"

"नाना, तुम्ही आयुष्यभर अर्जच केलेत."

आई म्हणाली, "जेवताना नको." नाना ताटावरून उठले नाहीत. भात कालवत हळूच म्हणाले, "यादी कोणत्याही सरकारची नसते रे. जो उघडून बघतो त्याची असते."

मी हात धुवायला उठलो. दुसऱ्या दिवशी नानांनी कोऱ्या अर्जांचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवलेला होता. मी त्या अर्जांच्या पाठीवर पत्रकांचे मसुदे लिहिले. कागद चांगला होता.

मतदानाचा दिवस आला. सत्तावन्न साल. सकाळी मी गिरगावात जाऊन मत देऊन आलो आणि लालबागला आमच्या टेबलावर बसलो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: केंद्राबाहेर प्रत्येक बाजूचं एक टेबल असतं. त्यावर यादीची प्रत. मतदार येतो, नाव सांगतो, आपण यादीत शोधून त्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देतो, ती घेऊन तो आत जातो. यादीची प्रत मी त्या सकाळी पहिल्यांदा उघडली. चार वर्षं राजकारण करणाऱ्या माणसानं मतदारयादी पहिल्यांदा उघडली ती मतदानाच्या दिवशी!

आमच्या चाळीचं पान शोधलं. पान कसलं, चार ओळी. तळमजल्यावरचा किराणावाला, त्याची बायको, त्याचा भाऊ, आणि तीन वर्षांपूर्वी वारलेला एक जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम. त्याखाली पुढची चाळ सुरू.

मी पान उलटलं. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. बाकीच्या चाळींची पानंही अशीच खाल्लेली. माझी ओळ जिथे जिथे पोचली होती, तिथे तिथे यादीत भोक पडलं होतं.

साडेनऊला बायकांची रांग आली. मावशी पुढे, तेच ठेवणीतलं लुगडं, डोक्यात अबोलीचा वळेसर. मागे वीस-पंचवीस बायका, हसत-खिदळत, जणू लग्नाला निघालेल्या.

"बघ रे, कागदवाल्या. आमचे नंबर काढ."

मी यादीवर बोट फिरवत राहिलो. नाही हे माहीत असताना फिरवत राहिलो. मग म्हणालो, "मावशी, नाव नाही."

"नीट बघ. अकरा नंबर."

"कोणाचंच नाही. आपल्या चाळीचं कोणाचंच नाही."

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग त्या थेट केंद्रात गेल्या. मी मागे धावलो, दारापाशी अडवला गेलो. तिथून दिसत होतं. अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभं राहून मावशींनी आपलं नाव सांगितलं. मोठ्यानं. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. अधिकाऱ्यानं यादी पाहिली, मान हलवली. त्यांनी पुन्हा सांगितलं.  तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो तरुण अधिकारी उठून उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्ही आहात हे मला दिसतंय. पण यादीत नसलेल्या माणसाला मी मतपत्रिका देऊ शकत नाही."

त्या बाहेर आल्या.  मावशी माझ्या टेबलाशी थांबल्या आणि माझ्या हाताकडे बघू लागल्या. डाव्या हाताच्या बोटावर शाई होती.

"तुझां नाव होतां?" त्यांनी विचारलं.

माझं नाव होतं. नानांनी दिलं होतं. घरातल्या पाचही माणसांची नावं त्यांनी गिरगावचा वहीवाला मास्तर दारात येताच, चष्मा लावून, वळणदार अक्षरात स्वतः वहीत उतरवून दिली होती. मी तेव्हा छापखान्यात होतो, लालबागच्या लोकांना नावं सांगू नका म्हणून छापत.

"होतं," मी म्हणालो.

मावशींनी मान हलवली, एखाद्या हिशेबाचा आकडा जुळावा तशी, आणि बायकांना घेऊन परत गेल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आमचा उमेदवार दणदणीत निवडून आला. गुलाल उधळला, मिरवणूक निघाली, मीही नाचलो. कार्यालयात मी यादीचं बोललो तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे, त्या चाळीच्या मतांवाचून आपलं काय अडलं?" त्यांचं गणित बरोबर होतं. म्हणूनच मला तिथे बसवेना. सरकारला लोकांची गरज नाही, असं मी चार वर्षं लिहीत होतो. आता आम्हालाही नव्हती. त्यानंतर मी पत्रक लिहिलं नाही. नानांच्या ओळखीनं, होय, अर्ज करूनच, म्युनिसिपल शाळेत मास्तर झालो.

यंदा एक मे रोजी आपलं राज्य आलं. शाळेला सुट्टी होती, आणि त्याच सुट्टीत माझ्या हातात एक लांबट वही आली: मतदारयादीचं काम. वॉर्ड लालबाग. मी मागून घेतला नव्हता, पण टाळलाही नाही. निघताना नाना म्हणाले, "ऊन आहे. छत्री घे."

मी आधी फळ्याशी गेलो. भोंग्याच्या आत, जुन्या सवयीनं. लिहिलं: 'राज्य आपलं आहे. यादीसाठी नावं सांगा.' दोन तासांनी परत आलो तर खाली कोणीतरी लिहून ठेवलं होतं: 'विचारणारा कोण, हे आधी विचारा.' माझीच ओळ. माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

तरुणांनी नावं दिली. काहींनी थट्टा करत दिली. पण जुनी माणसं, जी माझ्यासाठी रस्त्यावर उतरली होती, ती दारात बसून माझ्या तोंडावर सांगत होती, घरी कोणी नाही. मी म्हणायचो, "अहो, आता सरकार आपलं आहे." ते म्हणायचे, "बरं." आणि बसून राहायचे. तेव्हा दाढी करत बसलेला बाप्या तेवढा आतून म्हणाला, "मास्तर, आज दाढी केलेली आहे." कोणी हसलं नाही. राज्य बदललं म्हणून विश्वास बसेल, अशी माझी समजूत होती. आम्ही लोकांना फक्त या सरकारचं खरं मानू नका असं शिकवलं नव्हतं. दारात वही घेऊन येणाऱ्याचं कधीच खरं मानू नका, असं शिकवलं होतं. ते शिक्षण पक्कं झालेलं आहे. माझ्या नोकरीत इतका पक्का धडा मला दुसरा देता आलेला नाही.

अकरा नंबरचं दार उघडंच होतं. मावशींना गिरणीतून कमी केलं होतं, बायकांची खाती बंद होत चालली आहेत. केस पांढरे झालेले. खानावळीच्या चपात्या लाटत होत्या.

"ये रे कागदवाल्या. मास्तर झालंस म्हणान ऐकलां. बस. चाय घेतलंस तर ठेवतंय."

चहा झाला. माझ्या आईची चौकशी झाली. मग मी वही उघडली आणि खोली नंबर अकराच्या ओळीवर पेन्सिल ठेवली.

"मावशी, नाव."

त्या लाटत राहिल्या.

"मावशी, नियम आता बदललाय. अमक्याची बायको असं लिहितच नाहीत. बाईचं स्वतःचं नाव लागतं. तुमचं नाव. मी स्वतः लिहितोय, कच्ची यादी लागली की स्वतः बघतो, मुदतीत अर्ज लागला तर स्वतः भरतो."

"तू करशील," त्या म्हणाल्या. "तू वायट नाय. पण बघ, पयल्या खेपेक सरकारान परत धाडलां, दुसऱ्या खेपेक तू. तिसऱ्या खेपेक कोण धाडता, तां बघूक मी उभी रवाचंय नाय."

"माझी चूक झाली, मावशी."

"झाली." चपाती तव्यावर पडली. "तू तेवा दोन पायऱ्या चढान मधी इलंस ना, तेवा मी तुझ्यार इश्वास ठेवलंय. आता तो खंयसून आणू?"

 पेन्सिल ओळीवर तशीच. गंमत अशी की त्यांचं नाव मला पाठ आहे. मतदान केंद्रात तीनदा ऐकलंय, बापाच्या आणि गावाच्या नावासकट. वयही माहीत. मी ते लिहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं, यादी पूर्ण झाली असती आणि कदाचित पुढच्या निवडणुकीत त्या आल्याही असत्या. पण एकदा त्यांना न विचारता मी त्यांचं नाव वहीबाहेर ठेवलं होतं. आता न विचारता आत घालायचं?

त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं. "लिव," त्या म्हणाल्या. "घरी कोणी नाही."

नियमाप्रमाणे तसं लिहिता येत नाही. नोंद न मिळाल्यास ओळ कोरी सोडायची आणि पानाच्या खाली नोंद घेणाऱ्यानं सही करायची. मी ओळ कोरी सोडली. खाली सही केली.

कच्ची यादी लागेल तेव्हा मी पुन्हा जाणार आहे. छापील अर्ज घेऊन, पाठ कोरी असलेला. दार उघडं असेल, चहा मिळेल. नावाचं सांगता येत नाही.